चार स्टुलं, एक फिल्म

आमच्या वन्सं कलावंत होत्या हे मला त्या गेल्यावर तीन वर्षांनी कळलं, तेही संग्रहालयातल्या माणसांकडून. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांच्याच घरात राहिले, खालच्या मजल्यावरच्या त्यांच्या फोटो स्टुडिओत राबले, पण आपण कलावंत आहोत असं त्या मला कधी बोलल्या नाहीत. फोटो काढायच्या, पावती फाडायच्या, "उद्या चारनंतर या" म्हणायच्या. कलावंत पावती फाडतात का, देव जाणे.

आता संग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावर एक अख्खी भिंत त्यांच्या नावावर आहे. भिंतीवर फोटो मात्र माझेच. एक-दोन नाही, लावले तेव्हा दोनशे सोळा. काडेपेटीएवढे. प्रत्येकात मी ओठ मिटून समोर बघतेय आणि शेजारी कुणाचा तरी अर्धा खांदा आहे. खालच्या पाटीवर लिहिलंय की तंगीच्या वर्षांत या बाईंनी एका सामान्य स्त्रीला साऱ्या देशाच्या खांद्याला खांदा लावून उभं केलं. अहो, मी उभी कुठे होते? स्टुलावर बसले होते. आणि देशासाठी वगैरे नाही, स्टूल रिकामं राहत होतं म्हणून.

त्या दोनशे सोळांतल्या एका फोटोत खांद्याबरोबर परक्या माणसाचा कानही आला होता. तो तिथे माझ्यामुळे आला होता. त्या कानापायी एका माणसाचं काय झालं, आणि त्याच्या बायकोला काय मिळालं नाही, ते सांगायला बसले आहे. वन्संबद्दल सांगायचं तर त्याशिवाय सांगताच येणार नाही.

तंगी काही एका दिवसात आली नाही. आधी बाजारातून साबण गेला, मग दोरा, मग खिळे. फिल्म संपली तेव्हा वाटलं, येईल पंधरा दिवसांत. कसली येतेय! मग सरकारने नियम काढला: जितकी जुनी फिल्म आणून द्याल तितकीच कोरी मिळेल. जुनीवरची चांदी त्यांना हवी होती. म्हणून दर बुधवारी आठवडाभराची निगेटिव्ह डब्यात घालायची, डेपोच्या रांगेत उभं राहायचं आणि तेवढ्याच कोऱ्या घेऊन यायचं. त्या चार वर्षांतलं एकही निगेटिव्ह आमच्याकडे उरलं नाही. संग्रहालयात एक चष्मेवाली बाई आहे, हुशार आहे, पण बोलते पुस्तकातलं. ती म्हणते, ती चित्रं काळाने पुसली. काळाने कशाला? डेपोतल्या माणसाने पुसली, आणि मीच दोन-दोन तास ताटकळून ती त्याच्या हातात दिली.

गंमत अशी की फोटो जास्तीत जास्त लागले ते त्याच वर्षांत. धान्याच्या कार्डाला फोटो, कामाच्या परवान्याला फोटो, बाहेरदेशी मजुरीला जाणाऱ्यांच्या यादीला फोटो. लोक दारात उभे आणि आमच्याकडे आठवड्याला आठ फिल्म. तेव्हा वन्संनी चार स्टुलं एका ओळीत मांडली. एका फिल्मवर चार माणसं. घट्ट चिकटून बसवायची, डोकी एका रेषेत आणायची. बुटक्याच्या स्टुलाखाली विटा, उंच माणसाला म्हणायचं "कमरेतून जरा खाली सरका". एकदाच बटण दाबायचं, एकच प्रिंट काढायची, आणि मग ती कापून ज्याचा त्याला चेहरा द्यायचा. कापायचं काम माझं.

चारजण जमल्याशिवाय वन्सं फिल्म वाया घालवायच्या नाहीत, मग समोर कोणी का असेना. तीन आले की चौथ्याची वाट बघत बसायचं. माणसं रस्त्यावर जाऊन चौथा धरून आणायची. एकाने कंटाळून स्वतःचा कुत्राच आणला होता. वन्संनी त्याला "याचं कार्ड निघतं का?" एवढंच विचारलं आणि दोघांनाही बाहेर काढलं. अगदीच कोणी मिळालं नाही तर आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारायच्या, "वहिनी, बसा." की मी ओले हात पुसत येऊन उजव्या टोकाच्या स्टुलावर बसायचे. रिकामं स्टूल त्यांना बघवायचं नाही. तशी मी चार वर्षांत दोनशे सोळा वेळा बसले.

फोटोंत मागे कोरी भिंत का, यावर चष्मेवालीच्या पुस्तकात अख्खं प्रकरण आहे. तर तिथे आधी पडदा होता. आमच्या ह्यांनी रंगवलेला, धबधबा आणि वर ढग. हे पाट्या रंगवायचे. कापड मिळेनासं झालं तेव्हा वन्संनी पडदा उतरवला, उकळत्या पाण्यातून काढला आणि कापून वाटून टाकला. घरातल्या मुलांनी दोन वर्षं धबधबा अंगावर घालून शाळा केली. भिंत उघडी पडली ती अशी. ह्यांचीही तीच तऱ्हा. दुकानात लाल गेरू आणि दरवाजांना लावतात तो हिरवा, एवढे दोनच रंग मिळायचे, म्हणून ह्यांच्या पाट्यांवर आभाळ हिरवं. आता त्यावरही कोणी कोणी लिहितात. निळा मिळाला असता तर ह्यांनी निळंच रंगवलं असतं, एवढे काही ते डोकेबाज नव्हते.

पडद्यातला ढगाचा तुकडा माझ्या वाट्याला आला. त्याच्या मी बाह्या शिवल्या. जुन्या ब्लाऊजला नव्या बाह्या, दोन्हींवर पांढरा ढग. आज हसू येईल, पण तेव्हा मला त्यांचं कोण कौतुक! मला वाटायचं, या बाह्यांसकट माझा एक फोटो आईला पाठवावा. ती लांब होती, तीन वर्षं भेट नव्हती. वन्संना विचारलं तर म्हणाल्या, "तुमचा तुकडा तसाही उरतोच, तो पाठवा." पण त्या तुकड्यात बाही अर्धीच यायची. अर्धा ढग पाठवून काय करू?

असं असताना एका सोमवारी कुलूपवाला आला.

आमच्याच रस्त्याच्या टोकाला त्याची टपरी होती, किल्ल्या करायची. उंच, अंगाने बारीक, बायकोच्या लुगड्याचा तुकडा गळ्याभोवती गुंडाळलेला. बाहेरदेशी गोदीत कुलपं-साखळ्या सांभाळायचं काम मिळत होतं. त्याची यादी त्याच दिवशी चार वाजता बंद होणार होती. लोकांकडे कुलूप लावण्यासारखं काही उरलंच नव्हतं, त्यामुळे इथला धंदा बसला होता. त्याच्याआधी एक टायपिस्ट बाई आणि एक शाळामास्तर येऊन बसले होते. झाले तीन. वाट बघता बघता कुलूपवाल्याने आमच्या टेबलाचा अडकलेला खण बघितला, म्हणाला, "हा का उघडत नाही?" आणि लगेच खाली वाकून डावा कान खणाच्या कुलपाला लावला, तारेचा तुकडा आत फिरवला. मास्तर म्हणाले, "अहो, काय ऐकू येतं त्यात?" तो म्हणाला, "सगळं येतं. उजव्या कानाने नाही येत, डाव्याने येतं." टक् झालं आणि खण उघडला. वन्सं कधी हसायच्या नाहीत, पण त्या दिवशी हसल्या, आणि त्याचे फोटोचे पैसे घेणार नाही म्हणाल्या.

साडेअकरा झाले तरी चौथा येईना. "वहिनी, बसा." मी ढगाची बाही नीट करून बसले. कुलूपवाला माझ्या शेजारी. त्याचा खांदा माझ्या खांद्यामागे, डोकं माझ्या बाजूला किंचित कललेलं. फोटो झाला. वन्संनी अंधाऱ्या खोलीत जाऊन प्रिंट काढली, वाळवली आणि माझ्यापुढे ठेवून दुसऱ्या कामाला लागल्या.

त्या प्रिंटमध्ये माझी बाही अख्खी आली होती. ढग पूर्ण दिसत होता. फक्त बाहीची कड त्याच्या कानाखाली गेली होती. सरळ कापलं तर अर्धा ढग जात होता. मी क्षणभर थांबले, हे खरं आहे. न बघता कापलं असं म्हणणार नाही. मी कात्री दोन काड्यांएवढी त्याच्या बाजूला सरकवली आणि कापलं. बाही माझ्याकडे आली, आणि तिच्याबरोबर त्याचा डावा कान आणि कल्ल्याचे चार केस.

त्याने आपला तुकडा हातात घेऊन बघितला. म्हणाला, "वहिनी, कान जरा गेलाय का हो? चालेल ना?"

मी म्हणाले, "चालतंय हो. एवढं कोण बघतं?"

दीडच्या सुमाराला तो परत आला. फोटोत दोन्ही कान दिसले पाहिजेत, असा म्हणे नियम होता. खिडकीतल्या कारकुनाने फोटोवर शिक्का मारला, रद्द, आणि नियमाप्रमाणे ठेवून घेतला. आमच्याकडे त्या वेळी कोरी फिल्म शून्य. डेपो उघडणार बुधवारी. शहरातला दुसरा स्टुडिओ तेव्हा बंदच पडलेला होता.

वन्संनी मला काही विचारलं नाही. चपला घातल्या आणि त्याला घेऊन कचेरीत गेल्या. मीही मागोमाग गेले, घरात पाय ठरेना. वन्सं खिडकीत डोकं घालून म्हणाल्या, "फोटो मी काढला, कापताना चूक माझ्या हातून झाली. माणूस समोर उभा आहे. दोन कान आहेत का नाहीत, मोजून घ्या."

कारकून म्हणाला, "बाई, कान माणसाला असून उपयोग नाही. फोटोला पाहिजेत."

रांगेतले लोक हसले. वन्सं हसल्या नाहीत. चारपर्यंत त्या खिडकीशी उभ्या राहिल्या. आयुष्यात त्यांनी कुणाची मनधरणी केलेली मी पाहिली नव्हती, ती त्या दिवशी पाहिली. हात जोडले, साहेबांना भेटू द्या म्हणाल्या, मी लिहून देते म्हणाल्या. चार वाजता खिडकी पडली. कुलूपवालाच उलट त्यांना म्हणाला, "जाऊ द्या बाई, पुढच्या वर्षी बघू." आणि माझ्याकडे बघून मान हलवली, नेहमीसारखी.

"चूक माझ्या हातून झाली" असं त्या म्हणाल्या तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. घरी आले आणि ढगाच्या बाहीचा, कानासकट असलेला तो तुकडा चुरगळून टोपलीत टाकला. आईला काही पाठवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर बघते तर कात्री नाही. वन्संनी ती आपल्या खिशात घातली होती. त्यानंतर शेवटपर्यंत प्रत्येक प्रिंट त्यांनी स्वतः कापली. त्यावर एक शब्द त्या बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. त्यांना कळलंय हे मला कळलं होतं, आणि त्या घरात ते तसंच राहिलं.

कुलूपवाला पुढच्या वर्षापर्यंत पुरला नाही. पोटासाठी दगडाच्या खाणीत लागला आणि चौथ्या महिन्यात वरचा कडा सुटला. बायको दोन आठवड्यांनी स्टुडिओत आली. रडत नव्हती. म्हणाली, "त्यांचा दुसरा कुठलाच फोटो नाही हो. लग्नात काढायची ऐपत नव्हती. तुमच्याकडे काहीतरी असेल."

निगेटिव्ह तर कधीच डेपोत गेलं होतं. वन्सं कचेरीत जाऊन आल्या, तिथे रद्द झालेले फोटो महिनाअखेरीस जाळायचे. मग आमचे हे पुढे झाले. म्हणाले, मी चित्र काढतो, तुम्ही सांगा तसं. गोणपाटाच्या मागच्या बाजूला, गेरू आणि हिरव्यात. तिने सांगावं, ह्यांनी काढावं, असे तीन दिवस गेले. नाक जमलं, डोळे जमले. ह्यांनी मला विचारलं, "तू शेजारी बसली होतीस ना? कान कसे होते?"

मी म्हणाले, "मला काय ठाऊक? मी समोर बघत होते."

चित्र बघून ती बाई म्हणाली, "छान काढलंय. पण हे कुणीतरी मंत्री दिसतात." आणि चित्र तिथेच ठेवून गेली. पुढे तिने नवऱ्याची टपरी उघडली आणि त्याच्या अवजारांवर स्वतः किल्ल्या करायला शिकली. सगळे तिला कुलूपवाली म्हणू लागले. वन्संनी तिच्याकडून दर वर्षी एक नवं कुलूप बसवून घेतलं. स्टुडिओत चोरून नेण्यासारखा एक जुना कॅमेरा, आणि दाराला सात कुलपं; आठव्याला जागा नव्हती, म्हणून पुढे दर वर्षी जुनं एक काढायचं! ग्राहक हसायचे. सकाळी दुकान उघडायला मला पाव तास लागायचा आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण बोलणार कुठल्या तोंडाने?

तंगी सरली, रंगीत फोटो आले, वन्सं म्हाताऱ्या झाल्या आणि गेल्या. कपाट आवरताना बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला, त्यात माझे तुकडे. कागदसुद्धा मिळत नव्हता तेव्हा, म्हणून त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूला वन्सं टिपणं लिहायच्या. मी वरचे चार बघितले, माझीच तोंडं, झाकण लावून टाकलं. चष्मेवाली जुने कॅमेरे शोधत आली तेव्हा म्हटलं, हाही न्या. तिने रीतसर पावती दिली, मालकाने मागितल्यास परत करण्याच्या बोलीवर. पावतीची सवय मला वन्संनीच लावली होती.

भिंत तयार झाल्यावर तिने मला पुस्तक आणून दिलं. प्रत्येक तुकड्याची पुढची बाजू आणि मागची बाजू. मी गंमत म्हणून चाळायला लागले. "साबण दोन." "बुधवारी आठ फिल्म." "आज वहिनींशी बोलायचं नाही." मला हसू फुटलं. मग ब्याण्णव नंबर आला. माझा चेहरा, ढगाची बाही, आणि तो कान. तुकड्यावर चुरगळल्याच्या रेषा होत्या, कुणीतरी हाताने नीट सपाट केलेल्या. मागे वन्संचं अक्षर:

"कुलूपवाला, डावा कान. त्याच्या बायकोला द्यायचा. पण वहिनींनी सांगावं, मी नाही."

चष्मेवालीने विचारलं, "ही ओळ फार गूढ आहे. याचा अर्थ काय असेल?" मी म्हणाले, "मला चहा करायचाय," आणि आत गेले. आत जाऊन रडले. मग रागही आला, खोटं कशाला बोलू. एवढी वर्षं त्यांनी वाट बघितली. दर वर्षी कुलूप आणलं, किल्ली माझ्या हातात ठेवली, आणि मी आपली म्हणतेय, काय हे खूळ! एकदा ओरडल्या असत्या माझ्यावर तर सुटले असते. कुलूपवालीचीही सुटका झाली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर गेले. कुलूपवाली कानस घेऊन किल्ली घासत होती. आता तीही माझ्यासारखीच म्हातारी. मी उभ्याउभ्या सांगून टाकलं. बाहीचं सांगितलं, "एवढं कोण बघतं" म्हणाले होते तेही सांगितलं. कात्री वन्संची नव्हती, माझी होती.

तिने हातातली किल्ली पूर्ण केली. मग विचारलं, "तेव्हा का नाही बोललात?"

"भीती वाटली."

"चाळीस वर्षं?"

तिने टपरीची फळी खाली ओढली, कुलूप लावलं आणि म्हणाली, "कुठे आहे?"

संग्रहालयात ती भिंतीजवळ गेली, चष्मा कपाळावर सरकवला आणि ब्याण्णव नंबरला नाक लावून उभी राहिली. बोटाने हवेतच कानाची वरची कड गिरवली. "वरून दुमडलेला. हाच," म्हणाली. "कुलपाला लावून लावून असा झालाय म्हणायचे." थोड्या वेळाने माझ्याकडे न बघताच म्हणाली, "हा मला हवा. तुमचा चेहरा नको. तेवढा कापून द्या."

चष्मेवाली धावत आली. दोनशे सोळांची मालिका आहे, म्हणाली, एकही हलवता येणार नाही, ही देशाची ठेव आहे. मी पिशवीतून पावती काढून तिच्या हातात दिली. तिने दोनदा वाचली, साहेबांना फोन केला, मग गुपचूप टाचण्या काढल्या. कात्री तिच्याच टेबलावरून घेतली. ती म्हणाली, "आजी, निदान सरळ रेषेत कापा." मी म्हणाले, "त्यासाठीच आलेय."

कोपर टेबलावर टेकवलं. या वेळी कान अख्खा ठेवला, कल्ल्याचे केस ठेवले, आणि कात्री माझ्या बाहीतून नेली. अर्धा ढग त्याच्या बाजूला गेला. कुलूपवालीने तो तुकडा किल्ल्यांच्या चपट्या डबीत ठेवला, डबी कमरेला खोचली आणि जिना उतरून गेली.

भिंतीवर आता दोनशे पंधरा आहेत आणि एक रिकामी जागा. पाटी तीच आहे. मी आठवड्याने किल्लीचं निमित्त काढून टपरीवर गेले. आत, ती बसते तिथे, खांद्याच्या उंचीवर तिने तो तुकडा फळीला टाचलाय. कान, आणि त्याच्याखाली माझ्या बाहीचा अर्धा ढग. तो कापून टाका म्हणाली असती तर तिथल्या तिथे कापला असता. तिने सांगितलं नाही. किल्ली केली, पैसे घेतले, आणि मी मागितली नसताना पावती दिली.